एका दिवसाच्या ट्रेकची सॅक: वजन पाण्याचंच असू द्या

सुदुंबऱ्याहून भंडारा डोंगर असो की लोहगड-विसापूर, सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असेल तर सॅकेत जड वस्तू एकच असावी: पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्याला पर्याय नाही. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर तरी हवंच. म्हणून काटछाट बाकीच्या सामानात करायची. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामीच अर्ध्या किलोच्या आसपास भरते. साधी प्लास्टिकची काही ग्रॅमची. जीन्स भिजली की पाणी धरून ठेवते आणि मावळातल्या पावसात दिवसभर वाळत नाही, तिथे पातळ ट्रॅक पँट बरी. महागडं रेनकव्हर नसलं तरी चालतं. सॅकेच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी उलगडून त्यात सामान भरलं की काम होतं.

‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून सॅक फुगवणारे भेटतात. पण अडचणीच्या खऱ्या वस्तू हलक्याच असतात: हेडटॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसची दोन पाकिटं. टॉर्च मात्र ‘अंधाराआधी परतू’ म्हणत गाळू नका. एनडीआरएफची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यातच आहे हे खरं, तरी कुठलीही मदत कड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतोच. आणि विसापूरच्या घळीतल्या ओल्या पायऱ्यांवर जड सॅक तोल घालवते, म्हणजे ‘सुरक्षिततेसाठी’ घेतलेलं ओझंच अपघाताला निमित्त होतं.

तुमच्या सॅकेत काय असतं? यादी कमेंटमध्ये टाका, काय गाळता येईल ते सांगतो.