कान पिळला तरी ऐकेना!

सणाला गावी गेलात, जुनी बाइक बाहेर काढलीत, अॅक्सिलरेटर पिळला आणि गाडी नुसती ‘भॉक्’ करून गप्प? थांबा, नवा कार्बोरेटर घ्यायला धावू नका. आधी तिचं म्हणणं काय आहे ते ऐका.

नोकरी पुण्या-मुंबईत आणि घर रत्नागिरीत, अशा कितीतरी घरांच्या पडवीत एक बाइक उभी असते. 1994 साली आलेल्या स्प्लेंडरच्या खानदानातली, 2001च्या पल्सरच्या पिढीतली, नाहीतर 1996 मध्ये बंद झालेली पण अजून जीव की प्राण असलेली आरएक्स 100. वर्षातले बरेच महिने ती ताडपत्रीखाली. मग शिमगा किंवा गणपती आले की हिला काढायचं, दोन किका मारायच्या आणि आरे-वारेमार्गे थेट गणपतीपुळे! प्लॅन झकास. पण बाईसाहेबांचा मूड वेगळाच. स्टार्ट होतात, जागेवर छान गुरगुरतात आणि रेस दिली की गुदमरतात.

‘चालतंय, हळू जाऊ’ असं म्हणून निघू नका. हातखंब्याच्या पुढे हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना किंवा साखरप्यापुढे आंबा घाट चढताना मूठ पिळली आणि गाडीने पुढे जायला दोन सेकंद घेतले, तर ते दोन सेकंद महागात पडतात. पिकअप ही नुसती स्टाइलची गोष्ट नाही, ती सेफ्टीची गोष्ट आहे.

कार्बोरेटर करतो काय?

काम साधं. इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीने बारीक भोकांतून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर येतं आणि हवेत मिसळतं. खाली एक वाटी असते, त्यात फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. अगदी आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा. गंमत अशी, की मूठ किती पिळली यावर पेट्रोल कुठून येणार ते ठरतं. सुरुवातीच्या थोड्याशा पिळण्याला पायलट जेट. मधल्या टप्प्यात स्लाइड आणि तिला लटकलेली सुई. शेवटच्या पाव भागाला मेन जेट.

म्हणून एक फुकटची ट्रिक. मुठीवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावा आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चालवा आणि नेमकी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघा. सुरुवातीलाच अडखळली, तर संशय पायलट जेटवर. मध्ये अडखळली, तर सुई नाहीतर स्लाइड. फुल रेसला दम सुटला, तर मेन जेट किंवा पेट्रोलच कमी पोचतंय. ‘पिकअप नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘पाव मुठीला मिसिंग मारते’ असं सांगितलंत, तर मेकॅनिकचा अर्धा तास आणि तुमचे पैसे वाचतील.

दुसरी ट्रिक चोकची. गरम इंजिनवर चोक थोडा ओढून बघा. गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. प्लगही खोलून पाहा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

कोकणचं पाणी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात समुद्राची खारी हवा. उभ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे उरतो चिकट थर. सगळ्यात आधी बुजतो तो पायलट जेट, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. तळाला म्हणजे नेमकं जिथून पेट्रोल जेटकडे जातं तिथे! शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सर वापरून ते सांभाळून घेते. बिचाऱ्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही.

आधी बाहेरचं, मग आतलं

‘कार्बोरेटर गेला’ म्हणून आलेल्या अनेक गाड्यांचा दोष कार्बोरेटरमध्ये नसतोच. म्हणून क्रम पाळा.

1. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाला वेगळा थर दिसला, तर चोर सापडला. हे काम उघड्यावर, थंड इंजिनवर आणि सिगरेट लांब ठेवून.

2. एअर फिल्टर बघा. ओला, बुरशी आलेला किंवा उंदराने घर केलेला असू शकतो.

3. कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड तपासा. त्याला चीर गेली की फालतू हवा आत शिरते. रेस सोडल्यावरही इंजिन वर चढलेलंच राहिलं, तर हा पहिला संशयित.

4. टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ झालं आणि गाडी सुधारली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय.

5. अॅक्सिलरेटरची केबल गंजून अडकत नाही ना, चोक पूर्ण बंद होतो ना, तेही बघा.

एवढं करूनही फरक नाही, तेव्हाच कार्बोरेटर खोलायचा. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. भोक वाढलं की मापच बिघडतं. क्लीनर स्प्रे आणि प्रेशरची हवा पुरते. स्क्रू फिरवायच्या आधी तो किती आटे उघडा होता ते लिहून ठेवा. साधारणपणे एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू आत घेतला, तर मिश्रण दाट होतं. इंजिनच्या बाजूचा आत घेतला, तर पातळ. आणि व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर असेल, तर वरच्या झाकणाखालचा रबरी पडदा उजेडात धरून बघा. त्याला बारीकसं भोक असलं, तरी गाडी वर चढत नाही.

जाताना एवढं करा

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या बाइकमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याआधीची गंमत ऐका. 2007 मध्ये पल्सर 220 इंजेक्शन घेऊन आली आणि 2009 मध्ये तीच बाइक पुन्हा कार्बोरेटरवर गेली! आता मात्र मागे वळणं नाही. स्क्रूड्रायव्हर आणि कानाच्या जोरावर ट्यूनिंग करणारे मेकॅनिक काका कमी होत जाणार. म्हणून यावेळी गाडी सोडून चहाला जाऊ नका. स्टूल ओढून शेजारी बसा, प्रश्न विचारा.

आणि सुट्टी संपून निघताना पेट्रोल कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू उघडून वाटी रिकामी करा, टाकी भरून ठेवा. पाच मिनिटांचं काम. पुढच्या शिमग्याला कान पिळल्याबरोबर ऐकेल!