पॅरिस : वर चढण्याआधी

आयफेल टॉवर (१८८९) : उंची ३३० मीटर. पाय धड असतील तर जिना घ्या. लिफ्टपेक्षा तिकीट स्वस्त. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या, पुढे मात्र लिफ्टच. चढण्याआधी खालूनच पहिल्या मजल्याच्या कडेकडे नजर टाका. तिथे ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं ओळीनं लावली आहेत. मूळ यादीत एकही बाई नाही. लवचिकतेच्या गणितात मोलाचं काम केलेली सोफी जर्मेनसुद्धा नाही! लोखंड गंजू नये म्हणून साधारण सात वर्षांनी रंग देतात, एका खेपेला सुमारे ६० टन.

आर्क द त्रिओंफ (१८३६) : भोवती बारा रस्ते मिळतात, तेव्हा वाहनांतून वाट काढायच्या भानगडीत पडू नका, भुयारी मार्ग आहे. २८४ पायऱ्या. शहर बघायला हीच जागा सरस, कारण इथून आयफेलही दिसतो. कमानीखाली अनाम सैनिकाची समाधी; १९२३ पासून तिथली ज्योत रोज संध्याकाळी साडेसहाला चेतवतात.

नोत्र दाम : २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुलं. चर्चमध्ये प्रवेश फुकट. दारात कुणी तिकीट विकू लागला तर सरळ पुढे चालू पडा.

लूव्र : मंगळवारी बंद.