वजन उचलणारा एकवीस किलोमीटर धावतो तेव्हा

वेटलिफ्टिंगमधला स्नॅच काही सेकंदांत संपतो. त्याची ऊर्जा स्नायूंत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. ऑक्सिजनची वाट पाहायला वेळच नसतो. २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन मात्र जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनवरच चालते. म्हणून ‘हा गडी काय धावणार!’ या टोमण्यात तथ्य आहे, पण थोडंच. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकदीचा आणि दमाचा सराव एकत्र करणाऱ्यांचा दम केवळ दमाचा सराव करणाऱ्यांइतकाच वाढला. घसरली ती ताकद, तीही शेवटच्या आठवड्यांत.

खरी अडचण देहाच्या वजनाची. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो. ९५ किलोच्या लिफ्टरला म्हणजे निदान १९० किलो, आणि तेही एका पायावर! त्यात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ऐन ऑगस्टात. दमट हवेत घाम वाळत नाही, थोराड शरीर लवकर तापतं.

सराव करताना ठाण्यातला उपवनहून येऊरचा चढ सुरुवातीला चालतच चढावा. उतारावर गुडघ्यांना जास्त मार बसतो. कल्याणच्या काळा तलावाभोवतीची सपाट फेरी नवख्याला बरी. जड स्क्वॉट्स आणि लांब धाव एकाच दिवशी नकोत. पहिले दोन महिने वेग बोलत बोलत धावता येईल इतकाच ठेवावा.