बोटीची मोटर सुरू होते, पण ओढत नाही? आधी हे तपासा

कोल्हापुरात बोटीची मोटर वर्षभर कुणाला आठवत नाही. पण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली, की सगळे तिलाच शोधतात. ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीची माणसं बोटीतूनच बाहेर काढावी लागली.

आमच्या गटाकडे एक जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर आहे. मागच्या जूनमध्ये सरावाला ती नदीत उतरवली. चोक ओढला की चालायची, चोक सोडून रेस दिली की बंद! मी प्लग बदलला, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला. तासभर वाया गेला, कारण मी क्रम चुकवला होता. तो क्रम असा:

१. सेफ्टी क्लिप: लाल दोरीची क्लिप जागेवर नसेल तर मोटर सुरूच होत नाही. गडबडीत हेच विसरतं.

२. टाकीचं झाकण: त्यावरचा हवेचा स्क्रू उघडा हवा. बंद असेल तर टाकीतून पेट्रोल येणं थांबतं आणि मोटर थोडा वेळ चालून मरते.

३. रबरी फुगा: पेट्रोलच्या नळीवरचा फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. मोटर मरायला लागल्यावर फुगा दाबून ती सावरली, तर दोष टाकी, नळी, फिल्टर किंवा पंपात आहे.

४. कार्बोरेटर: फक्त चोकवरच चालत असेल, तर बहुतेक जेट तुंबलंय. आमचं हेच झालं होतं.

५. प्लग: ओला किंवा काळाकुट्ट असेल तर पुसून बघा, नाहीतर बदला.

आमच्या कार्बोरेटरची वाटी उघडली, तर तळाला पाण्याचा थर आणि चिकट साका. मागच्या हंगामातलं पेट्रोल तसंच राहिलं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असतं, आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं. जेट साफ केलं, ताजं पेट्रोल भरलं, दुसऱ्या ओढीला मोटर सुरू!

पुराच्या पाण्यात आणखी एक गोष्ट बघत राहा. मोटरमधून पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती थांबली तर लगेच बंद करा. पाणी घेण्याच्या जाळीत उसाचा पाला किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असतं. जाळी साफ करूनही धार आली नाही, तर आतली रबरी चक्री गेली समजा. पंख्याला हात लावायच्या आधी मोटर बंद आणि क्लिप काढलेली, हा नियम मोडू नका.

आणि पूर ओसरल्यावर? मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून सुरू करा, पेट्रोलची नळी काढा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कोरडी मात्र कधीच चालवू नका, ती चक्री जळते. दर महिन्याला ताज्या पेट्रोलवर पाच मिनिटं चालवून परत अशीच रिकामी करा. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत बघूनच घाला.

आम्ही आता हे महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. छपरावर बसून वाट बघणाऱ्या माणसाला आपली अडचण कार्बोरेटरची आहे, हे सांगता येत नाही.