70 पानांचा पुडा आणि एका तासाचा रोजगार

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातल्या एखाद्या बाईला मे महिन्यात विचारा, सध्या काम काय? उत्तर ठरलेलं: तेंदू. महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा पुडा 70 पानांचा आणि अशा 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत 70,000 पानं, सगळी हातानं तोडलेली, हातानंच मोजलेली. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा 50 पानांचाच.

पहाटे रानात आणि दुपारी सावलीत, अख्खं घर राबतं. आजी पानं जुळवत असते, तिचे ओठ हलत असतात. मधेच कुणी बोललं तर ती मान हलवते, पण तोंड उघडत नाही. मोजणी चुकली तर पुडा पहिल्यापासून. फाटकं पान बाजूला, सालीच्या वाकाची गाठ, पुढचा पुडा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून ओळीनं मांडायचे. जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हंगाम, पण शाळेच्या वह्या-पुस्तकांपासून बियाण्यापर्यंत बरंच काही त्याच्यावर निघतं.

आता रोजगाराची सरकारी मोजणी बघा. साप्ताहिक निकषानं, गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं, तरी ती व्यक्ती बेरोजगार नाही! उलट घर सांभाळून रानातून सरपण, भाजी, कंदमुळं आणणाऱ्या बाईला संकेतांक मिळतो 93, आणि 93 म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. डोक्यावरचा मोळीचा भार हे कामच नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

खरं तर इथे एका माणसाला वर्षाकाठी पाच-सहा धंदे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग तेंदू. पावसाळ्यात धानाची रोवणी, तीही गुत्त्यानं: बायांचा जथा एकरी भाव ठरवून बांधीत उतरतो आणि पैसे सारखे वाटून घेतो. धान निघालं की अनेकजण मिरची तोडायला तेलंगणात.

आणि नाटक! दिवाळीनंतर वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी होते. रात्री पडदा उघडतो, तो तांबडं फुटायच्या सुमारास पडतो. नट, गायक, वादक, पडदेवाले, मंडपवाले, चहाची टपरी, सगळ्यांचा हंगाम त्यावर चालतो. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र लोखंडाची. 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती एक अहवाल पडला. जर्मन भूगर्भतज्ज्ञ फॉन श्वार्ट्झ यांनी तो लिहिला होता चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर! जमशेटजींच्या पोलादाच्या स्वप्नानं तिथून जोर धरला. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, खाणीचे सरकारी नियमही जाचक, आणि शेवटी कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चामोर्शी तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी, त्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

आता पोलाद चामोर्शी तालुक्यातच आलं आहे. कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा कारखाना. 2025 च्या जुलैत तिथे वर्षाला 45 लाख टनांच्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज पाण्यात कालवून सुमारे 85 किलोमीटरच्या नळातून इथे येतं. त्या नळामुळे रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, तशी चालक-क्लीनरची कामंही. म्हणून मी टनांपेक्षा हजेरीपट बघेन: त्यात घोटची, आष्टीची, कोनसरीची पोरं किती, आणि कुठल्या पगारावर. कधीकाळी बंदूक घेऊन जंगलात फिरलेले काही आत्मसमर्पित नक्षलवादी तरुण-तरुणी आज याच कारखान्यात पाळीवर जातात.