पुण्यात हात भाजला, गावात मिटवला

सोयाबीनची काढणी उरकली की गावातली तरणी पोरं पुण्याची एस.टी. धरतात. पूर्वी कंपनीत चिकटायची. आता बरीचशी वडापावच्या दुकानात, स्नॅक्स सेंटरला, पिझ्झा-बर्गरवाल्याकडे नाहीतर केकच्या बेकरीत लागतात. राहणं-जेवण मालकाकडेच, त्यामुळे घरच्यांनाही घोर नसतो. घोर लागतो तो पोरगं हाताला पट्टी बांधून अवेळी स्टँडवर उतरतं तेव्हा.

काम दिसायला हलकं, पण जोखमीचं. पाणी १०० अंशाला उकळतं, वडे तळायचं तेल १७०-१८० अंशांवर असतं. शिवाय कणीक मळायचं यंत्र, चटणीचा मोठा मिक्सर, पाव कापायची सुरी आणि तेलकट फरशी. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. ते कामगार उत्तर प्रदेशातून आलेले होते. त्या घटनेची बातमी तरी झाली. भाजलेल्या हाताची, तुटलेल्या बोटाची बातमी होत नाही. ते प्रकरण गावातच संपतं.

कसं संपतं ते सरपंच आणि पोलीस पाटलांना सांगायला नको. मालक किंवा त्याचा माणूस गाडी घेऊन येतो. "दवाखान्याचं बिल मी भरलंय, वर हे दहा हजार घ्या, आपसात मिटवू." स्टॅम्पपेपरवर सही होते, साक्षीदार म्हणून गावातल्याच दोन प्रतिष्ठितांची नावं पडतात. सगळ्यांना वाटतं, मिटलं.

कायद्याने ते मिटलेलं नसतं. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच तर ती सक्षम अधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते. कामगाराचा मृत्यू झाला तर भरपाईची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायची नसते, अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. ही तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असली तरी मुख्य गणित तेच राहिलं आहे. मालकाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे.

आता हिशेब पाहा. पोरगा २२ वर्षांचा, पगार १२ हजार, यंत्रात तर्जनी मुळापासून गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्याला वयाचा गुणक २२१.३७ लावायचा, आणि तर्जनीसाठी ठरलेले १४ टक्के काढायचे. रक्कम येते २ लाख २३ हजारांच्या पुढे. तोच मुलगा दगावला तर ५० टक्क्यांच्या हिशेबाने १३ लाख २८ हजार. (हिशेबात धरायच्या पगाराची कमाल मर्यादा २०२० मध्ये १५ हजार ठरली.) आणि आपण दहा हजारांवर सही करतो! हात बरा होईपर्यंत घरी बसावं लागलं तर त्या काळात दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा मिळायला हवा. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर निम्म्यापर्यंत दंड.

भाजण्याचं मात्र कोष्टक नाही. त्यात डॉक्टरांनी कमाईची ताकद किती टक्के घटली ते लिहून द्यावं लागतं. इथे एक जुना निकाल कामाचा आहे. ओडिशातल्या जयपूर गावी १९६८ साली एक सुतार सिनेमागृहाच्या कामावर पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. कोष्टकाप्रमाणे टक्के कमी भरत होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्याचं अपंगत्व पूर्ण मानलं. बोटं आखडलेल्या आचाऱ्याच्या बाबतीतही विचारायचा प्रश्न तोच: हा आता कढईपुढे उभा राहू शकतो का?

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताबद्दलही आता स्पष्टता आली आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीला निघाला असताना वाटेत मोटारसायकल अपघातात गेला. उस्मानाबादला (आताचं धाराशिव) मंजूर झालेली भरपाई उच्च न्यायालयात गेली; २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. बावीस वर्षं! ॲपवरून पार्सल पोचवणाऱ्या पोरांचं प्रकरण वेगळं आहे. संहितेने त्यांना गिग कामगार म्हटलं, पण पगारी कामगाराची ही भरपाई त्यांना आपोआप लागू होत नाही.

दुकान मोठं असेल, दहा किंवा जास्त माणसं असतील, तर आधी ईएसआय आहे का ते विचारा. २०१७ पासून २१ हजारांपर्यंत पगार असलेले त्यात येतात. पगारातून पाऊण टक्का कापला जातो. त्यात कामावरच्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून हक्क असतो, रजेच्या काळात रोजाच्या सुमारे ९० टक्के मिळतात आणि उपचारासाठी बिबवेवाडी व चिंचवडच्या मोहननगरला रुग्णालयं आहेत. मग मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

खरी अडचण पुराव्याची. नेमणूकपत्र कुणालाच नसतं. पण पगार फोनपेवर येतो, ड्युटीचे निरोप व्हॉट्सॲपवर असतात, दुकानाच्या टोपी-टीशर्टातला फोटो असतो. ते पुसू नका. ससूनला न्या की खासगीत, केसपेपरवर "कामावर भाजले" असंच लिहून घ्या. "घरी भाजलं असं सांग" असं कुणी शिकवलं आणि तसं लिहिलं गेलं, तर पुढे ते खोडणं फार जड जातं. मालकाला अपघाताची लेखी सूचना स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

गावाकडचे कागदही लागतात. गुणक वयावर ठरतो, म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला हवा. मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा आणि वारसाचा दाखला. ग्रामसेवक, तलाठ्यांनी असा अर्ज आला तर तारीख लांबवू नये, कारण दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज पुण्यातच करावा लागतो असंही नाही. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात त्या भागातल्या अधिकाऱ्याकडेही तो चालतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातही त्याची समिती असते.