हेक्टरात न मावलेलं वादळ

३ जून २०२०च्या संध्याकाळी देवळाली कॅम्पात लॅम रोडवरची झाडं एकाच दिशेला झुकली होती, आणि आम्ही खिडक्यांच्या फटीत जुने टॉवेल कोंबत होतो. समुद्र इथून शंभरावर किलोमीटर लांब, मध्ये अख्खा सह्याद्री उभा. चक्रीवादळ म्हणजे कोकणाचं, फार तर मुंबईचं दुखणं, अशी आम्हा कॅम्पकरांची पक्की समजूत. पण दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आदळलेलं ‘निसर्ग’ घाट चढून आमच्याकडे यायला निघालं होतं. चढताना त्याचा दम गेला, तरी उरलेलं पाणी त्याने रात्रभर नाशिक जिल्ह्यावर ओतलं.

अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात ते हेच. कोमट समुद्रावरची वाफ वर जाते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, आणि सगळं गरगर फिरू लागतं. हे यंत्र मला शाळेपासून थक्क करत आलं आहे. पण त्या रात्रीनंतर मी एका दुसऱ्या यंत्राच्या नादी लागलो. पडलेल्या झाडाचा कागद होतो, कागदाचा आकडा होतो, आकड्याचे पैसे होतात आणि ते पैसे एका घरात पोचतात किंवा पोचत नाहीत. हे यंत्र कसं चालतं, आणि त्यात राजकारणाचं वंगण नेमकं कुठे पडतं?

सुरुवात श्रीवर्धनच्या वाडीपासून करू. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्याने पाहिली आहे त्याला ती वाडी सांगायला नको: नारळाच्या सावलीत सुपारी, मध्ये केळी, कडेला मिरीचे वेल, आणि सगळी मिळून जागा किती, तर दहा-वीस गुंठे. ‘निसर्ग’ने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागातल्या अशा वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं झाड पुन्हा लावलं तर उत्पन्न हाती यायला निदान सहा-सात वर्षं जातात. राज्य सरकारने नेहमीचे निकष बाजूला ठेवून मदत वाढवली. पूर्ण पडलेल्या घराला ९५ हजारांऐवजी दीड लाख, आणि फळबागांना हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत.

ऐकायला भरघोस. आता गुणाकार करा. हेक्टरात शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. पडलेली झाडं तोडून वाडी साफ करायला लागणारी मजुरी त्यात निघाली तरी नशीब. इथे कुणी कुणाविरुद्ध कट केलेला नव्हता. ‘हेक्टर’ हे माप मोठ्या शिवाराच्या सवयीचं आहे, कोकणातली वाडी त्यात मावत नाही, एवढंच. ओरड झाली तेव्हा पुढे झाडागणिक मदत ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. ही मदत पुरेशी होती असं कुणी म्हणणार नाही. पण एकक बदलताच कुणाला किती हे बदललं. पक्षपाताचा विचार करताना आपण सहसा मंत्र्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो. मला आता आधी मोजपट्टी दिसते.

दुसरी मोजपट्टी पंचनाम्याची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात आणि नुकसान किती टक्के ते लिहितात. केंद्राच्या निकषानुसार पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. २०१५च्या आधी हीच रेघ ५० टक्क्यांवर होती. आडव्या झालेल्या कांद्याकडे बघून ३२ टक्के आणि ३४ टक्के यातला फरक सांगता येणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. देवळालीच्या आसपास, भगूर-लहवितच्या शिवारात, तो फरक कसा ठरतो ते पारावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. सोबत कोण फिरत होतं, सरपंच कुणाच्या गटाचा, तलाठ्याला त्या दिवशी किती गावं उरकायची होती, अशी उत्तरं येतील. ती सगळी खरी असतीलच असं नाही. पण त्या रेघेच्या आसपास शंकेला जागा आहे, हे नाकारता येत नाही.

आता वर दिल्लीकडे पाहू. इथे मी चकित झालो ते उलट्या कारणाने: सगळ्यात मोठी रक्कम कुणाच्या मर्जीवर नाहीच. प्रत्येक राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी वित्त आयोग आधीच सूत्राने ठरवतो. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या आयोगाने त्या सूत्रात राज्याचा मागचा खर्च, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि धोक्याचा निर्देशांक धरला. त्या हिशेबाने २०२०-२१ साली महाराष्ट्राच्या वाट्याला ४,२९६ कोटी आले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. त्यातले पाऊण केंद्राचे, पाव राज्याचे. त्या वेळी मुंबईत उद्धव ठाकरे यांचं सरकार होतं आणि दिल्लीशी त्याचा छत्तीसचा आकडा. सूत्राला ते कळत नव्हतं.

राजकारणाला वाव मिळतो तो सूत्र संपल्यावर. हा निधी पुरला नाही तर राज्य केंद्राला निवेदन धाडतं, आंतरमंत्रालयीन पथक पाहणीला येतं, अहवाल चाळण्यांतून जातो, आणि शेवटी गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर करते. पथक कधी येणार, अहवाल कधी निघणार, बैठक कधी बसणार, यातल्या कशालाच सूत्र नाही. ‘निसर्ग’ ३ जूनला आलं. समितीने महाराष्ट्राला २६८.५९ कोटी मंजूर केले ते १३ नोव्हेंबरला. मधले दिवस १६३.

वाट पाहण्याचा आमच्या कॅम्पाला जुना अनुभव आहे, म्हणून एक आडवळण. ब्रिटिश सैन्यात मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीसाठी इथे महिनोन् महिने थांबत, आणि उन्हात, रिकामपणात काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. डूलॅली झाला म्हणजे भ्रमिष्ट झाला. जगाच्या शब्दकोशात देवळाली पोचली ती थंड हवेमुळे नाही, तोफखान्यामुळेही नाही, ताटकळण्यामुळे! श्रीवर्धनकरांना हा शब्द कुणीतरी सांगायला हवा होता.

तर १६३ दिवस. हा पक्षपात म्हणायचा का? शेजारी दुसरं वादळ ठेवून पाहू. २० मे २०२०ला ‘अम्फान’ बंगालवर आदळलं. दोनच दिवसांनी पंतप्रधानांनी हवाई पाहणी केली आणि पश्चिम बंगालला एक हजार कोटींची आगाऊ मदत जाहीर झाली. पुढच्या वर्षी १७ मेला ‘तौक्ते’ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला घासत जाऊन सौराष्ट्रावर चढलं. १९ मेला गुजरात आणि दीवची हवाई पाहणी झाली, गुजरातला हजार कोटी जाहीर झाले. विमान कोकणावरून का फिरलं नाही, असा सवाल महाराष्ट्रातल्या सत्ताधाऱ्यांनी केला. बाकीच्या राज्यांनी नुकसानीचे अंदाज पाठवावेत, त्यांनाही मदत देऊ, असं केंद्राने सांगितलं.

गुजरात घरचं म्हणून लवकर मिळालं, असं म्हणावं तर बंगालमध्ये ममता बॅनर्जी होत्या आणि दिल्लीशी त्यांचं नातं सर्वांना ठाऊक आहे. मग बंगालला का? वर्षाच्या आत तिथे निवडणूक होती म्हणून? की ‘अम्फान’ खरोखर ‘निसर्ग’पेक्षा कितीतरी भयंकर होतं आणि ‘तौक्ते’चा मुख्य घाव गुजरातवरच बसला होता म्हणून? शेवटची दोन्ही विधानं खरी आहेत. चहाच्या टपरीवर आपण इथे थांबतो, आपापल्या पक्षाला सोयीचं उत्तर उचलतो आणि कप खाली ठेवतो. एका वादळावरून, दोन-तीन वादळांवरूनही, हे ठरवता येत नाही.

पण शेकडो आपत्तींवरून ठरवता येतं, आणि मला सगळ्यात भुरळ पडली ती याची. युक्ती अशी की आपत्तीची ताकद राजकारणाला हात लावता येणार नाही अशा गोष्टीने मोजायची: पाऊस, वारा, हानी. पर्जन्यमापकाला मुख्यमंत्री कोण ते माहीत नसतं. पाऊस सारखा, नुकसान सारखं, आणि तरी मदत वेगळी निघाली, तर तो फरक कुठून आला ते शोधायचं.

थॉमस गॅरेट आणि रसेल सोबेल यांनी अमेरिकेतल्या १९९१ ते १९९९च्या केंद्रीय मदतीवर हे केलं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ज्या राज्यांचं मोल जास्त, तिथे आपत्ती जास्त वेळा ‘जाहीर’ होत होती. मदतखात्यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समित्यांत ज्या राज्यांचे सदस्य, तिथे पैसा जास्त जात होता. त्यांच्या हिशेबाने जवळपास निम्म्या मदतीमागे गरजेपेक्षा राजकारण होतं. लक्षात घ्या, झुकतं माप हक्काच्या मतांच्या राज्यांना मिळतं असं नाही. ते दोलायमान राज्यांना मिळतं. घरचा मतदार जातो कुठे?

त्याहून विलक्षण शोध थॉमस आयझेनसी आणि डेव्हिड स्ट्रॉम्बर्ग यांचा. १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या पाच हजारांवर आपत्ती त्यांनी तपासल्या. अमेरिकेची मदत मिळणं हे त्या दिवसांत टीव्हीवर दुसरं काय चालू आहे यावरही अवलंबून निघालं. ऑलिंपिक चालू असताना आलेल्या आपत्तीला मदतीची तेवढीच शक्यता मिळायला सुमारे तिप्पट माणसं मरावी लागत. वाक्य मी दोनदा वाचलं. कुठल्याशा देशात पूर येतो, आणि त्याचं नशीब शंभर मीटरच्या शर्यतीने ठरतं.

आपल्याकडचा मतदारही साधा नाही. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी भारतातल्या निवडणुका आणि पाऊस जोडून पाहिले. पावसाने दगा दिला की मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतो, जणू ढग मंत्रालयातून सुटतात. सरकारने जोरात मदत केली तर शिक्षा थोडी सौम्य होते. हीली यांनीच नील मल्होत्रांबरोबर अमेरिकेत आणखी एक गोष्ट दाखवली होती: मतदार वादळानंतरच्या मदतीला मतं देतो, वादळाआधीच्या तयारीला देत नाही, आणि तयारीवरचा एक डॉलर मात्र पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. म्हणजे विमानातून पाहणी करणाऱ्या नेत्याचा फोटो आपणच मागवलेला असतो. वीजवाहिन्या जमिनीखाली घेणाऱ्या अभियंत्याचा फोटो कुणी मागत नाही.

आणि आता तो शोध, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातली भारतातली सोळा राज्यं घेतली. धान्याचं उत्पादन घटलं किंवा पूर आला तर कुठलं सरकार चटकन हलतं? श्रीमंत राज्याचं, असं आपण म्हणू. तसं निघालं नाही. जिथे मतदान जास्त होतं आणि जिथे वर्तमानपत्रं जास्त खपतात, तिथलं सरकार जास्त हलतं. मग त्यांनी वर्तमानपत्रांची भाषेप्रमाणे फोड केली. इंग्रजी आणि हिंदी पेपरांच्या खपाचा असा परिणाम दिसेना. फरक पडत होता तो इतर भाषांतल्या, म्हणजे तिथल्या मातीच्या भाषेतल्या पेपरांनी.

अर्थ उघड आहे. दिल्लीचा इंग्रजी पेपर दिवेआगरच्या सुपारीवर रोज बातमी करणार नाही. जिल्हा आवृत्तीच्या तिसऱ्या पानावरचा वार्ताहर करतो, कारण त्याची मावशी तिथे राहते. हेक्टराचं झाडात रूपांतर झालं ते अशाच ओरडीने, आणि ती ओरड मराठीत होती.

मला त्यानंतर २०२०च्या तारखा पुन्हा तपासाव्याशा वाटल्या. कोरोनाची टाळेबंदी होती, बातम्यांचं ऑलिंपिक म्हणावं असा तो काळ; रोजचे रुग्णांचे आकडे सोडून दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं. आमच्या दारात कित्येक आठवडे पेपर पडला नव्हता. टाळेबंदी शिथिल करताना राज्य सरकारने जे आदेश काढले, त्यांत पेपर घरोघरी टाकायला परवानगी दिली होती ७ जूनपासून.

‘निसर्ग’ येऊन तेव्हा चार दिवस झाले होते.